लिहिलेले शब्द आणि जुळलेले शोध : एका भाषांतर संस्थेच्या जाहिरात खात्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लेखी भाषांतर करणाऱ्या एका लहान संस्थेचे आहे. संस्थेची आणि तिथल्या माणसांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. जन्माचे व विवाहाचे दाखले, गुणपत्रिका, करारनामे आणि न्यायालयात सादर करायचे कागद यांचे भाषांतर करून देणे हे संस्थेचे काम. तोंडी दुभाष्याचे काम ती घेत नाही, भाषांतराचे वर्ग चालवत नाही आणि भाषांतरकारांची भरती क्वचितच करते. ही तीन कामे आधीच सांगून ठेवण्याचे कारण असे की, पुढे जो खर्च वाया गेला तो बहुतांशी याच तीन कामांच्या शोधात असलेल्या लोकांवर झाला.

संस्थेचे ग्राहक सर्च इंजिनवरील जाहिरातींतून येत. गूगल अ‍ॅड्सचे खाते काही वर्षांपूर्वी एका कर्मचाऱ्याने उघडले होते. तो पुढे नोकरी सोडून गेला आणि खाते जसे होते तसे चालू राहिले. त्यात एकच कॅम्पेन (जाहिरातींची मोहीम), एकच अ‍ॅड ग्रुप (मोहिमेतला जाहिरातींचा गट) आणि चौदा कीवर्ड, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसावी असे शब्द, होते. त्यांपैकी दहा कीवर्ड कोणत्याही चिन्हाविना लिहिलेले होते : भाषांतर, भाषांतरकार, कागदपत्र भाषांतर, कायदेशीर भाषांतर असे. उरलेल्या चारांत प्रत्येक शब्दाआधी अधिक चिन्ह होते. ही चिन्हे म्हणजे एका जुन्या पद्धतीचे अवशेष होते आणि त्यांचा अर्थ खात्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हता. प्रत्येक शोधावर जाहिरातीच्या जागेचा जो लिलाव होतो, त्यात बोली लावण्याचे काम स्वयंचलित प्रणालीकडे सोपवलेले होते. मिळालेल्या बजेटात जास्तीत जास्त कन्व्हर्जन (जाहिरातीवरून आलेल्याने केलेली, यश म्हणून मोजायची कृती) आणावेत, एवढाच आदेश तिला होता.

समस्या

खर्च महिन्यामागून महिने तेवढाच राहिला, क्लिकही तेवढेच येत होते, परंतु प्रत्यक्ष कामाच्या विचारणा घटत चालल्या होत्या. मालकांनी जाहिराती बंद करण्याचे जवळजवळ ठरवलेच होते. त्यांनी खाते तपासणाऱ्या माझ्यासमोर सर्च टर्म्स रिपोर्टची, म्हणजे जाहिरात कोणकोणत्या शोधांवर दिसली त्या यादीची, छापील पाने ठेवली आणि विचारले, "यातले निम्मे शब्द आम्ही लिहिलेलेच नाहीत. मग पैसे कशाचे घेतात?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देताना मला प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवाव्या लागल्या. कीवर्ड म्हणजे जाहिरातदाराने खात्यात लिहिलेला शब्द. सर्च टर्म म्हणजे शोधणाऱ्याने प्रत्यक्ष टाइप केलेला मजकूर. पहिल्याने दुसऱ्याला कितपत सैलपणे पकडावे हे मॅच टाइप ठरवतो. चिन्हाविना लिहिलेला कीवर्ड ब्रॉड मॅच समजला जातो, आणि त्याच्या अर्थाशी संबंधित वाटणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू शकते, मग तो शब्द शोधात असो वा नसो. अवतरणचिन्हांत लिहिलेला कीवर्ड फ्रेज मॅच होतो; ज्या शोधात त्या कीवर्डचा अर्थ सामावलेला आहे, अशा शोधांवर तो दिसतो. चौकटी कंसात लिहिला की एक्झॅक्ट मॅच होतो. त्यात शोधाचा अर्थ किंवा हेतू कीवर्डसारखाच असावा लागतो.

मालकांची समजूत अशी होती की लिहिलेला शब्द तंतोतंत टाइप झाला तरच जाहिरात दिसते. ही समजूत एके काळी बरीचशी खरी होती, निदान एक्झॅक्ट मॅचपुरती तरी. २०१२ मध्ये फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅचमध्ये अनेकवचने व स्पेलिंगच्या चुका जुळवल्या जाऊ लागल्या. ही सवलत नको असेल तर ती बंद ठेवण्याची सोय २०१४ मध्ये काढून घेण्यात आली. २०१७ मध्ये एक्झॅक्ट मॅचमध्ये शब्दांचा क्रम आणि 'साठी', 'मध्ये' यांसारखे जोडणारे शब्द यांचे बंधन सैल झाले, २०१८ मध्ये एक्झॅक्ट मॅचमध्ये समानार्थी शोध आले आणि २०१९ मध्ये तोच न्याय फ्रेज मॅचला लागू झाला. अधिक चिन्हांची जी पद्धत होती, ती २०२१ मध्ये फ्रेज मॅचमध्ये विलीन झाली. त्या वर्षीच्या जुलैपासून तसे नवे कीवर्ड लिहिता येत नाहीत, जुने मात्र फ्रेज मॅचसारखे वागत राहतात. थोडक्यात, खाते तेच राहिले आणि त्यातल्या चिन्हांचे अर्थ मात्र बदलत गेले.

तपासणी

मी मागील तीन महिन्यांचे शोध खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावले आणि पहिले दोनशे शोध एकेक करून वाचले. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला आजवर सापडलेला नाही. त्यात पाच प्रकारची माणसे दिसली. काहींना मजकूर टाकला की लगेच भाषांतर करून देणारे मोफत साधन हवे होते. काहींना एखाद्या शब्दाचा अर्थ हवा होता. काहींना भाषांतरकार म्हणून नोकरी हवी होती, काहींना भाषांतराचा अभ्यासक्रम, तर काहींना मुलाखतीसाठी किंवा सभेसाठी दुभाषी. आपली कागदपत्रे घेऊन आलेली माणसे यांच्यामध्ये विखुरलेली होती.

सर्वाधिक खर्च 'भाषांतर' या एकाच शब्दाने ओढला होता. एका शब्दात हेतू मावत नाही. 'भाषांतर' टाइप करणारा माणूस विद्यार्थी आहे, बेरोजगार आहे की हातात विवाहाचा दाखला धरून बसला आहे, हे त्या शब्दावरून कळण्याचा मार्ग नाही. आणि असा शब्द ब्रॉडमधून फ्रेजमध्ये नेल्यानेही विशेष काही साधत नाही, कारण भाषांतराविषयीच्या जवळपास प्रत्येक शोधात त्याचा अर्थ असतोच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कीवर्डच्या पानावर नव्हतीच. कन्व्हर्जन म्हणून काय मोजले जाते हे पाहिले, तेव्हा संकेतस्थळावरचा संपर्काचा फॉर्म कोणीही भरला की एक कन्व्हर्जन नोंदवले जात असल्याचे आढळले. फॉर्म भरणाऱ्यांत नोकरीसाठी अर्ज पाठवणारे बरेच होते. ते मन लावून सगळे रकाने भरतात आणि शेवटपर्यंत जातात. बोली लावणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने ही सर्वांत यशस्वी मंडळी होती. तिने अशा माणसांसाठी अधिक बोली लावली, ब्रॉड मॅचने तिला अशी माणसे शोधायला मोकळे रान दिले आणि दोघांनी मिळून, जे यश म्हणून दाखवले गेले होते, ते इमानेइतबारे आणून दिले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांना सर्वाधिक पटणारा होता : सगळे कीवर्ड एक्झॅक्ट करून टाकावेत. यात नियंत्रण सर्वाधिक आहे, परंतु दोन अडचणी होत्या. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असे गूगलने अनेकदा सांगितले आहे. ते आधी लिहून ठेवणे कोणालाच शक्य नाही. शिवाय फार कमी वेळा शोधले जाणारे लांबलचक कीवर्ड 'कमी शोध' या शेऱ्यासह निष्क्रिय पडून राहतात आणि लिलावात उतरतच नाहीत. दाखल्यांच्या भाषांतराची मागणी नेमकी अशाच लांब, विस्कळीत वाक्यांतून येत असते.

दुसरा पर्याय ब्रॉड मॅच तसाच ठेवून नको ते शोध निगेटिव्ह कीवर्डने, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दाखवू नये अशा शब्दांच्या यादीने, अडवण्याचा. हा मार्ग सोपा दिसतो, म्हणूनच बहुतेक खात्यांत तोच अवलंबलेला आढळतो. त्याची मर्यादा रिपोर्टातच दडलेली आहे. सप्टेंबर २०२० पासून या रिपोर्टात पुरेशा लोकांनी वापरलेलेच शोध दिसतात. उरलेला खर्च कोणत्या शब्दांवर झाला हे दाखवले जात नाही. जे दिसत नाही ते अडवता येत नाही, आणि आमच्या खात्यात न दिसणारा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

तिसरा पर्याय कन्व्हर्जनची व्याख्या सुधारून ब्रॉड मॅच चालू ठेवण्याचा होता. ब्रॉड मॅच शोधाच्या शब्दांखेरीज शोधणाऱ्याचे अलीकडचे इतर शोध, लँडिंग पेजवरचा (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावरचा) मजकूर आणि त्याच अ‍ॅड ग्रुपमधले अन्य कीवर्ड हेही विचारात घेऊ शकतो; तेव्हा त्याला योग्य लक्ष्य दिले तर तो योग्य माणसे आणील, हा युक्तिवाद मला तत्त्वतः मान्य होता. पण प्रणालीने शिकायला पुरेशा खऱ्या विचारणा आमच्याकडे त्या वेळी नव्हत्या आणि मालकांचा धीर सुटत आला होता. म्हणून चौथा, मधला पर्याय निवडला : मुख्य सेवा फ्रेज मॅचमध्ये, मोजके खात्रीचे शब्द एक्झॅक्टमध्ये, एकशब्दी कीवर्ड पूर्ण बंद आणि सोबत निगेटिव्हची यादी. ब्रॉड मॅचचा प्रयोग पुढे ढकलला.

केलेली कृती

कागदपत्रे, कायदेशीर मजकूर आणि शैक्षणिक कागद असे तीन अ‍ॅड ग्रुप केले आणि प्रत्येकाला स्वतःचे लँडिंग पेज दिले. फॉर्ममध्ये 'विचारणा कशासाठी' असा एक रकाना घालून 'नोकरी' निवडणाऱ्यांना वेगळ्या पानाकडे वळवले, म्हणजे ते कन्व्हर्जनमध्ये मोजले जाणार नाहीत. हे सर्व एकाच आठवड्यात केले. त्या घाईविषयी पुढे लिहिले आहे.

निगेटिव्हची यादी करताना 'मोफत' या शब्दावर बराच वेळ खल झाला. मोफत साधन शोधणारे अडवायचे होते, परंतु 'भाषांतर मोफत दरपत्रक' असे टाइप करणारा माणूस म्हणजे जवळजवळ दारात उभा असलेला ग्राहक. निगेटिव्ह कीवर्डचेही तीन प्रकार असतात, आणि त्यांची नावे ओळखीची असली तरी वागणूक वेगळी असते. ब्रॉड निगेटिव्हमधले सर्व शब्द शोधात कोणत्याही क्रमाने असले की तो अडवतो. फ्रेज निगेटिव्हला ते त्याच क्रमाने सलग लागतात. एक्झॅक्ट निगेटिव्ह तेवढाच, एकही शब्द जास्त नसलेला शोध अडवतो. एकटा 'मोफत' ब्रॉड निगेटिव्ह म्हणून टाकला असता तर दरपत्रकवालेही गेले असते. त्यामुळे 'मोफत भाषांतर' हा फ्रेज निगेटिव्ह आणि 'मोफत साधन' हा ब्रॉड निगेटिव्ह, अशी विभागणी केली.

दुभाषी शोधणाऱ्यांसाठी वेगळीच कसरत करावी लागली. आमच्या 'भाषांतरकार' या अर्थाच्या कीवर्डना दुभाष्याचे शोध अर्थसाधर्म्याने जुळत होते, पण ते अडवताना अर्थ मदतीला येत नाही. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द ओळखत नाही, अनेकवचन ओळखत नाही, विभक्तीचे रूपही ओळखत नाही. म्हणून दुभाषी, दुभाषा, दुभाष्या, दुभाष्याची, दुभाष्यांची, दुभाष्यासाठी अशी रूपे एकाखाली एक लिहून काढली. मराठीसारख्या विभक्तीप्रधान भाषेत एक शब्द अडवायला दहा ओळी लागतात, याची कल्पना प्रथमच काम करणाऱ्याला सहसा नसते.

जिथे चुकले

अभ्यासक्रम शोधणारी माणसे 'भाषांतर प्रमाणपत्र', 'प्रमाणपत्र कोर्स' असे टाइप करत. 'मोफत'वर एवढा खल केल्यानंतर 'प्रमाणपत्र' हा शब्द मात्र मी एकटाच, ब्रॉड निगेटिव्ह म्हणून, काही सेकंदांत यादीत टाकला. चूक माझीच होती.

ती तीन आठवड्यांनी लक्षात आली, आणि तीही आकड्यांवरून नव्हे. फोनवर बसणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "जन्माच्या कागदांचे फोन हल्ली कमी झालेत, सर. शाळांच्या प्रवेशांचा काळ असूनही." मी शोध पाहिले. 'जन्मदाखला भाषांतर' येत होता. 'जन्म प्रमाणपत्राचे भाषांतर' हाही येत होता, कारण 'प्रमाणपत्राचे' हे रूप निगेटिव्हच्या दृष्टीने निराळाच शब्द. नाहीसा झाला होता तो 'जन्म प्रमाणपत्र भाषांतर', म्हणजे घाईतला माणूस विभक्ती गाळून जसे टाइप करतो तसा शोध. आणि घाईतली माणसेच जास्त असतात.

अडथळा अर्धवट होता म्हणूनच तो लपला. सगळाच ओघ आटला असता तर दुसऱ्या दिवशी कळले असते. आपला निगेटिव्ह आपल्याच कीवर्डला अडवत असेल तर प्रणाली सूचना देते, पण आमच्या यादीत 'प्रमाणपत्र' असलेला एकही कीवर्ड नव्हता. असे शोध 'कागदपत्र भाषांतर' या फ्रेज कीवर्डला, त्याच अर्थाचे अधिक नेमके रूप म्हणून, जुळत असत. जाहिरात अर्थाने जुळत होती आणि अक्षराने अडत होती. या दोन व्यवस्था एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला पाठ होते आणि तरीही मी त्यात सापडलो.

दुरुस्ती म्हणून एकटा 'प्रमाणपत्र' काढला, त्याजागी 'प्रमाणपत्र कोर्स', 'प्रमाणपत्र अभ्यासक्रम' आणि 'प्रमाणपत्र परीक्षा' हे फ्रेज निगेटिव्ह घातले आणि 'जन्म प्रमाणपत्र भाषांतर' हा एक्झॅक्ट कीवर्ड दाखल्यांच्या स्वतंत्र पानाशी जोडला. शोध एक्झॅक्ट कीवर्डशी हुबेहूब जुळत असेल तर, तो कीवर्ड चालू आणि पात्र असेपर्यंत, त्यालाच प्राधान्य मिळते. त्यामुळे असा शोधणारा नेमक्या पानावर पोहोचेल याची बऱ्यापैकी खात्री झाली.

परिणाम

क्लिकची संख्या लक्षणीय घटली आणि प्रति क्लिक सरासरी खर्च वाढला. पहिल्या पंधरवड्यात मालक या दुसऱ्या आकड्याने अस्वस्थ झाले होते. नेमक्या शोधांसाठी स्पर्धा अधिक असते आणि स्वस्त क्लिक हे बहुधा इतर कोणालाच नको असलेले क्लिक असतात, हे समजावून सांगावे लागले. दरपत्रकापर्यंत जाणाऱ्या विचारणा वाढल्या, आणि अशा प्रत्येक विचारणेमागचा खर्च आधीपेक्षा कमी झाला. नोकरीचे अर्ज जवळपास थांबले.

दोन तिमाहींनंतर, दरपत्रक दिलेल्या विचारणांची नोंद खात्यात परत पाठवण्याची व्यवस्था झाल्यावर, ब्रॉड मॅचचा राहिलेला प्रयोग केला. खात्यातली प्रयोगाची सोय वापरून रहदारी निम्मी-निम्मी वाटली. एका बाजूला फ्रेज, दुसऱ्या बाजूला तेच कीवर्ड ब्रॉडमध्ये. कायदेशीर मजकुराच्या गटात ब्रॉडने काही वाया घालवले, पण शैक्षणिक कागदांच्या गटात त्याने आमच्या कल्पनेतही नसलेले शोध आणले : श्रेयांकांचा तक्ता, अभ्यासक्रमाचे वर्णनपत्र, शिफारसपत्र. त्या गटात ब्रॉड कायम ठेवला आणि बाकी दोन गट फ्रेजवरच राहिले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी उणीव क्रमाची होती. कन्व्हर्जनची व्याख्या, मॅच टाइप आणि निगेटिव्ह या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या, त्यामुळे सुधारणेतले श्रेय कोणाचे किती, हे आजही सांगता येत नाही. माझा अंदाज असा की मोठा वाटा कन्व्हर्जनच्या दुरुस्तीचा होता आणि कीवर्डची पुनर्रचना त्यामानाने गौण होती. कन्व्हर्जन आधी दुरुस्त करून महिनाभर थांबलो असतो तर कदाचित ब्रॉड मॅच इतका बदनाम झाला नसता. पण मालक महिनाभर थांबले असते का, हाही प्रश्नच आहे. गळती दिसत असताना नळ बंद न करता पाइप तपासत बसा, हे सांगणे सोपे नसते.

दुसरी गोष्ट निगेटिव्हच्या पडताळणीची. यादीत शब्द घालण्याआधी तो मागील तीन महिन्यांच्या शोधांवर लावून पाहायचा आणि त्याने काय काय गेले असते ते वाचायचे, हा साधा नियम पाळला असता तर 'प्रमाणपत्र' पाच मिनिटांत पकडला गेला असता. आता आम्ही तो पाळतो. एकशब्दी ब्रॉड निगेटिव्ह घालताना दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरलीच पाहिजे, आणि ती दुसरी व्यक्ती शक्यतो फोन घेणारी असावी, कारण ग्राहक कोणते शब्द वापरतात हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. रूपांची यादी करण्याचे काम थोडे हलके झाले आहे; २०२४ पासून निगेटिव्ह कीवर्ड स्पेलिंगच्या चुकाही अडवतात. समानार्थी शब्द आणि विभक्तीची रूपे मात्र अजूनही आपणच लिहायची आहेत.

'मोफत भाषांतर' हा फ्रेज निगेटिव्ह अजून यादीत आहे. त्याने 'मोफत भाषांतर दरपत्रक' असा सलग टाइप केलेला शोधही अडतो, हे मालकांना दाखवले आहे. त्यांनी हिशेब मांडला, असे शोध फार थोडे असल्याचे पाहिले आणि तो तसाच राहू देण्यास सांगितले.